पहिल्या दिवशीची कुरकूर

नव्या ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रीव्ह्यू उतरवून घेतल्यावर पहिल्या दिवशी माणूस जे बोलतो, त्याला आमच्या धंद्यात किंमत नसते. लोकांची यंत्रं लावून देणं, ती चालती ठेवणं आणि नवी आवृत्ती कार्यालयात घ्यावी की थांबावं याचा सल्ला देणं हे ज्यांचं काम, ती मंडळी अशा कुरकुरीला एकच उत्तर देतात : थोडे दिवस वापरा, मग बोला. उत्तर समंजस वाटतं. त्यात घाई न करण्याचा सल्ला आहे, बदलाला बिचकणाऱ्यांची हलकीशी थट्टाही आहे, आणि पुष्कळदा ते खरंही ठरतं. पण बरीच वर्षं याच कामात काढल्यावर माझं मत त्याच्या विरुद्ध बाजूला गेलं आहे. पहिल्या दिवशीची कुरकूर हा एक वेगळ्या जातीचा पुरावा असतो. तो दुसऱ्या कुठल्याही मार्गानं हाती येत नाही, आणि ते ‘थोडे दिवस’ उलटले की नाहीसा होतो. हात एकदा वळणावर आला की आपण नेमके कुठे अडलो होतो हे सांगता येत नाही. आपण अडलो होतो हेच मुळी आठवत नाही. म्हणून प्रश्न पहिल्या मतावर विश्वास ठेवावा की नाही हा नाही. त्यातलं काय उचलावं आणि काय सोडून द्यावं, हा आहे. हे तपासायला विंडोज ८ इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. तिचे तीन प्रीव्ह्यू निघाले, लोक तिन्ही वेळा जवळपास तेच म्हणाले, त्यांना तिन्ही वेळा तेच उत्तर मिळालं, आणि पुढे काय झालं ते सगळ्यांसमोर आहे.

पहिला, म्हणजे डेव्हलपर प्रीव्ह्यू, १३ सप्टेंबर २०११ रोजी कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम इथे मायक्रोसॉफ्टच्या बिल्ड परिषदेत आला. दुसरा, सर्वसामान्यांसाठीचा कन्झ्युमर प्रीव्ह्यू, २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बार्सिलोनात जाहीर झाला आणि पहिल्याच दिवसात दहा लाखांहून अधिक वेळा उतरवला गेला. मे महिन्याच्या अखेरीस रिलीज प्रीव्ह्यू आला आणि २६ ऑक्टोबर २०१२ ला पक्की आवृत्ती बाजारात. या तीन पायऱ्यांमध्ये डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या स्टार्ट बटणाचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या प्रीव्ह्यूत बटण होतं, पण त्यावर क्लिक केलं की ओळखीचा मेनू उघडण्याऐवजी रंगीत टाइल्सचा पूर्ण पडदा समोर यायचा. रजिस्ट्रीतली एक नोंद बदलली की जुना मेनू परत मिळतो हे जाणकारांनी लगेच शोधून काढलं. दुसऱ्या प्रीव्ह्यूत ती पळवाट बंद झाली आणि बटणही गेलं. त्याच्या जागी काहीच नव्हतं. बाण कोपऱ्याला टेकवला की तिथे स्टार्टचं छोटं चित्र उमटायचं. न टेकवणाऱ्याला तिथे काही आहे याची खूणही दिसत नव्हती. यंत्र बंद करायचं तर बाण उजव्या कोपऱ्यात न्यायचा, बाहेर सरकणाऱ्या पट्टीतून सेटिंग्ज, त्यातून पॉवर, त्यातून शट डाउन. नव्या पद्धतीच्या अॅपला फुलीच नव्हती. वरची कड पकडून खाली ओढलं की ते बंद व्हायचं. साधा फोटो उघडला तरी तो पूर्ण पडदा व्यापून बसायचा, आणि ज्या डेस्कटॉपवर काम चाललं होतं तो कुठे गेला हे माणूस शोधत राहायचा.

पहिल्या दिवशी लिहिणारे नुसते रुसलेले होते असंही नाही, आणि हे मुद्दाम नोंदवायला हवं. यंत्र लवकर सुरू होतं याचं कौतुक जवळपास सगळ्यांनी केलं. ते खरंही होतं, कारण बंद करताना सिस्टीमचा गाभा डिस्कवर जपून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तोच परत उचलायचा अशी नवी सोय त्यात होती. फाइल कॉपी होताना वेगाचा आलेख दिसू लागला, टास्क मॅनेजर नव्यानं बांधलेला आणि खरोखर उपयोगी होता, आयएसओ फाइल बाहेरच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडू लागली. या सगळ्या गोष्टी आजही विंडोजमध्ये आहेत. ज्यांनी कोपऱ्याबद्दल नाराजी दाखवली त्यांनीच हे कौतुकही केलं. त्या कौतुकाला कुणी ‘थोडे दिवस थांबा’ म्हटलं नाही, ही गंमत आहे.

आता तो कोपरा. पडद्याचा कोपरा ही बाणानं गाठायला सर्वांत सोपी जागा, हा विचार चुकीचा नव्हता. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ तितका हात तिथे लवकर पोहोचतो, हे पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडलं होतं. पडद्याच्या कडेला बाण पुढे जाऊच शकत नसल्यानं कोपरा हे जणू अमर्याद मोठं लक्ष्य ठरतं. पण हे तेव्हाच खरं, जेव्हा कड ही खरोखरची कड असते. प्रीव्ह्यू तपासणारे बरेच जण तो आभासी यंत्रात, म्हणजे चालू सिस्टीमच्या पोटात एका खिडकीत चालवत होते. त्या खिडकीच्या कोपऱ्यावर बाण थांबत नाही, सरळ बाहेर निसटतो. दोन मॉनिटर जोडलेले असतील तर मधल्या कोपऱ्यावरून तो शेजारच्या पडद्यावर जातो. हीच तऱ्हा रिमोट डेस्कटॉपची. तेव्हा याला ‘तपासणाऱ्यांची खास अडचण’ म्हणून बाजूला सारणं सोपं होतं, कारण घरी कोण आभासी यंत्र चालवतो? पण त्याच वर्षी आलेल्या विंडोज सर्व्हर २०१२ मध्येही हाच स्टार्टचा पडदा आणि हाच कोपरा होता, आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस सर्व्हरसमोर बसतच नाही. तो दूरच्या टेबलावरून, रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीतूनच काम करतो. पहिल्या दिवशी खिडकीतून निसटणाऱ्या बाणाला शिव्या देणारा तपासनीस नकळत सर्व्हरवाल्यांची रोजची व्यथा सांगत होता.

आमच्या कामाचा मोठा भाग फोनवर चालतो, आणि तिथे हा कोपरा आणखी वेगळ्या रीतीनं नडणार हे पहिल्याच दिवशी दिसत होतं. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो लोक संगणक शिकले, आणि त्या काळचं शिक्षण सुरू व्हायचंच ‘स्टार्टवर क्लिक करा’ इथून. तालुक्याच्या कार्यालयातल्या लिपिकाला, पतपेढीतल्या रोखपालाला किंवा दवाखान्यात पावत्या करणाऱ्या ताईंना फोनवरून मदत करताना पहिला प्रश्न ठरलेला असतो : खाली डावीकडे स्टार्ट दिसतंय का? ‘हो, दिसतंय’ हे उत्तर आलं की दोघांच्या डोळ्यांसमोर एकच पडदा आहे याची खात्री होते आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. ‘खाली डावीकडे जिथे काहीच नाही तिथे बाण न्या, मग काहीतरी दिसेल’ ही सूचना फोनवर देऊन पाहावी. पलीकडचा माणूस बाण जरा आत नेतो, काही उमटत नाही, आणि तो सांगतो की नाही हो, इथे काही नाही. त्याचं म्हणणं शब्दशः बरोबर असतं.

मायक्रोसॉफ्टनं हे सगळं डोळे मिटून केलं नव्हतं. त्यांच्याकडे आकडे होते. ज्या वापरकर्त्यांनी संमती दिलेली असे, त्यांच्या यंत्रांवरून वापराची माहिती गोळा होत असे, आणि तिच्या आधारे कंपनीनं ऑक्टोबर २०११ मध्ये सांगितलं की विस्टाच्या तुलनेत विंडोज ७ मध्ये स्टार्ट मेनूचा वापर ११ टक्क्यांनी घटला आहे. लोक रोजचे प्रोग्राम टास्कबारवरच टाचून ठेवू लागले होते, त्यामुळे आकडा पटण्यासारखा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र पटत नाही. वापर कमी झाला म्हणजे गरज कमी झाली, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. घरातल्या मीटरशेजारचा मेन स्विच आपण वर्षातून किती वेळा हाताळतो? त्या हिशेबानं तो भिंतीआड लपवायला हरकत नसावी. स्टार्ट मेनू रोजच्या चार प्रोग्रामांसाठी लागत नव्हताच. महिन्यातून एकदा लागणारा प्रोग्राम, नाव धड न आठवणारी सोय, नव्यानं बसवलेलं काहीतरी, आणि यंत्र बंद करणं, एवढ्यासाठी तो होता. माणूस जिथे ‘आता काय’ म्हणून थांबतो तिथे हात जाण्याची ती जागा होती. किती वेळा हे यंत्र मोजून सांगतं. ती जागा नसेल तर काय होतं हे त्याला सांगता येत नाही. ते फक्त पहिल्यांदा अडलेला माणूस सांगू शकतो. शिवाय माहिती पाठवण्याची ही सोय पुष्कळ कार्यालयांत मुद्दाम बंद ठेवलेली असते, म्हणजे जिथे बेतशीर, ठरावीक आणि कंटाळवाणं काम चालतं, नेमका तोच वर्ग मोजणीतून निसटतो.

यावर सगळ्यात जुना आक्षेप असा की लोक प्रत्येक बदलावर ओरडतात. त्यात तथ्य आहे. विंडोज ९५ आली तेव्हा जुना प्रोग्राम मॅनेजर गेला म्हणून कुरकुरणारे होते, ऑफिस २००७ नं मेनू काढून रिबन आणली तेव्हा तर हलकल्लोळ झाला, आणि दोन्ही गोष्टी टिकल्या. मग विंडोज ८ चीच कुरकूर खरी कशी? माझ्या मते इथे कुरकुरीचे दोन प्रकार एकत्र मोजले जातात. ‘माझी वस्तू हलवली’ हा एक प्रकार. ‘इथे काय करायचं ते दिसतच नाही’ हा दुसरा. पहिला प्रकार सवयीनं विरतो, कारण वस्तू नव्या जागी सापडते. दुसरा विरत नाही. सवय झालेल्या माणसाला तो फक्त दिसेनासा होतो, आणि पुढच्या नवख्या माणसाला पुन्हा तसाच भेटतो. विंडोज ९५ बद्दलची तक्रार पहिल्या प्रकारची होती. त्यांनी बटणावर ‘स्टार्ट’ असं चक्क लिहून ठेवलं होतं, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून यंत्र चालू केल्यावर टास्कबारवर एक बाण सरकत येऊन ‘सुरुवात करायला इथे क्लिक करा’ असं सांगायचा. ही रचना कशी घडली, माणसांना समोर बसवून ते कुठे अडतात हे पाहत किती वेळा बदलली, याबद्दल केंट सलिवन या मायक्रोसॉफ्टमधल्याच अभियंत्यानं १९९६ साली लिहून ठेवलं आहे. शिवाय ज्याला जुनंच हवं त्याच्यासाठी प्रोग्राम मॅनेजरची फाइलही आत ठेवलेली होती. रिबनबद्दलची तक्रारही पहिल्याच प्रकारची. ती जागा खाते, ठिकाणं बदलली, सगळं शोधावं लागतं, हे म्हणणं रास्त होतं, पण शोधलेलं डोळ्यांसमोरच असायचं. कोपऱ्याबद्दलची तक्रार दुसऱ्या प्रकारची होती. ज्या कंपनीनं सतरा वर्षांपूर्वी बाण सरकवून जागा दाखवली तिनंच ती जागा रिकामी करावी, याचा मला अजूनही अचंबा वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : पण लोकांना सवय झालीच की. झाली, खरं आहे. विंडोज की दाबून दोन अक्षरं टाइप केली की हवं ते समोर येतं हे ज्याला कळलं, त्याला विंडोज ८ मध्ये काही अडलं नाही, आणि अशी मंडळी कुरकुरणाऱ्यांना हसत होती. पण सवय होणं हे रचना चांगली असल्याचं लक्षण मानलं, तर जगातल्या कुठल्याच रचनेला वाईट म्हणता येणार नाही, कारण माणसाला कशाचीही सवय होते. रस्त्यातल्या खड्ड्याचीही होते. पाहायला हवं ते हे, की सवय लागण्यासाठी लोकांनी काय केलं. अनेकांनी विंडोज ७ सोडलीच नाही. तिचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपेपर्यंत कार्यालयांतून तीच दिसत होती. ज्यांच्या नव्या यंत्रात ८ आपसूक आली त्यांतल्या पुष्कळांनी क्लासिक शेलसारखं फुकट सॉफ्टवेअर बसवून जुना मेनू परत आणला. आणि शेवटी कंपनीनंच पावलं मागे घेतली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ८.१ आली, तिच्यात कोपऱ्यात बटण परतलं आणि यंत्र थेट डेस्कटॉपवर सुरू करण्याची मुभा मिळाली. एप्रिल २०१४ च्या अपडेटमध्ये स्टार्टच्या पडद्यावर पॉवरचं बटण आलं आणि नव्या अॅपना फुली मिळाली. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आली, तिच्यात मेनूच परत आला. हे तीन बदल क्रमानं मांडले तर फेब्रुवारी २०१२ मधल्या पहिल्या दिवसाच्या तक्रारींची यादीच समोर येते. साडेतीन वर्षांनी.

तिसरा आक्षेप मी स्वतः मान्य करतो, पण त्याचा अर्थ वेगळा लावतो. प्रीव्ह्यू उतरवणारी माणसं सर्वसाधारण नसतात. ती हौशी असतात, कीबोर्डचे शॉर्टकट त्यांना तोंडपाठ असतात, बिघडलं तर पुसून पुन्हा बसवण्याची त्यांची तयारी असते. तेव्हा त्यांच्या मतावरून लिपिकाबद्दल किंवा रोखपालाबद्दल काही ठरवता येत नाही, असं म्हटलं जातं. कौतुकाच्या बाबतीत ते खरं आहे. अडण्याच्या बाबतीत उलट हिशेब लागतो : जाणकार जिथे गोंधळला तिथे नवखा बुडणार हे धरूनच चालावं. या निवडक गर्दीचा खरा तोटा दुसरीकडे आहे. तिला जे कधी करावंच लागत नाही, त्यातलं मोडलेलं तिला दिसत नाही. मराठीत टाइप करणाऱ्यांना याचा अनुभव जुना आहे. एक्सपीच्या काळात मराठी नीट दिसावी म्हणून कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकटीत खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. इंग्रजीत काम करणाऱ्या कुठल्याही तपासनिसाच्या वाटेत ती चौकट आली नसणार.

विंडोज ८ मध्ये असंच एक मोठं स्थित्यंतर गुपचूप झालं. विंडोज ७ पर्यंत कीबोर्डची भाषा प्रत्येक प्रोग्रामपुरती वेगळी लक्षात राहायची. वर्डमध्ये मराठी इनस्क्रिप्ट, शेजारी हिशेबाच्या खिडकीत इंग्रजी, ब्राउझरमध्येही इंग्रजी. एकातून दुसऱ्यात गेलं की भाषा आपोआप बदलायची. अर्ज आणि पत्रं मराठीत, आकडे आणि पत्ते इंग्रजीत, असं दिवसभर चालणाऱ्या टेबलावर ही सोय न दिसणारी पण हाताच्या वळणाची होती. विंडोज ८ नं मूळ सेटिंग बदललं आणि सगळ्या खिडक्यांना मिळून एकच भाषा केली. वर्डमध्ये मराठी घेतली की हिशेबाच्या खिडकीतही मराठी. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस असा सोपा जोड दिला, मराठीसकट भारतीय लिप्यांसाठी निर्मला हा चांगला फाँट दिला, हे सगळं खरं. आणि एकभाषक नजरेनं पाहिलं तर एकच भाषा सगळीकडे ही गोष्ट सुटसुटीतही वाटते. पण त्याच आवृत्तीनं शोधून उघडण्यावर भर दिला होता, आणि तिथे या दोन बदलांची टक्कर झाली. मराठी कीबोर्ड चालू राहिला असताना कॅल्क्युलेटरसाठी ‘कॅल्क’ची चार इंग्रजी अक्षरं दाबली की शोधात ‘मोतम’ उमटतं. मोतम नावाचा प्रोग्राम यंत्रात नसतो. मग आधी भाषा बदला, शोधा, परत येऊन पुन्हा भाषा बदला. ज्यांनी ‘टाइप करा आणि उघडा, मेनू हवाच कशाला’ असं सांगितलं त्यांच्या कीबोर्डवर एकच भाषा होती. हा प्रश्न मराठीचाच होता असं नाही. रशियन, ग्रीक, अरबी लिहिणाऱ्या प्रत्येकाचा होता. जुनी पद्धत परत आणण्याची चौकट भाषेच्या प्रगत सेटिंगमध्ये ठेवलेलीही होती. ती आहे हे शोधायला मात्र आधी काय बिघडलं आहे ते नावानं माहीत असावं लागतं.

पहिल्या दिवसाची मर्यादाही इथेच सांगायला हवी, नाहीतर माझं म्हणणं भाबडं ठरेल. काही दोष पहिल्या दिवशी दिसूच शकत नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं १८०९ हे अपडेट बाहेर पडलं आणि काही दिवसांत थांबवावं लागलं, कारण काहींच्या फाइलीच पुसल्या गेल्या. डॉक्युमेंट्सचा फोल्डर सी ड्राइव्हवरून दुसरीकडे वळवलेला, पण जुन्या जागी काही फाइली राहिलेल्या, अशा यंत्रांवर अपडेटनं जुनी जागा निकामी समजून साफ केली. सी ड्राइव्ह भरू नये म्हणून कागदपत्रं डी वर ठेवण्याची रीत आपल्याकडच्या कार्यालयांत सर्रास आहे, तेव्हा हा धोका कुणा दुर्मीळ माणसाचा नव्हता. तपासणाऱ्यांच्या रिकाम्या, कामासाठी न वापरलेल्या यंत्रांवर तो बहुधा घडणारच नव्हता. तरीही काही तपासनिसांनी फाइली गेल्याचं आधीच्या महिन्यांत कळवलं होतं. ते वर आलं नाही, कारण कळवलेल्या गोष्टींना इतरांची मतं जितकी जास्त तितकी ती वर जायची, आणि फाइली गमावणारे थोडेच होते. कंपनीनं नंतर सांगितलं की तक्रारी अपडेट घेतलेल्यांच्या एका टक्क्याच्या शंभराव्या भागाइतक्याच होत्या. हा आकडा दिलासा म्हणून दिला गेला. स्टार्ट मेनूच्या अकरा टक्क्यांत जी खोट होती तीच याच्यातही आहे. त्यानंतर तक्रार नोंदवताना तिचा परिणाम किती गंभीर आहे हेही लिहिण्याची सोय त्यांनी केली. म्हणजे तक्रारींची संख्या पुरेशी नाही, त्यांचं वजनही करायला हवं, हे मान्य झालं.

वजन केल्यावर किती लवकर सुधारता येतं याचा दाखला याहून जुना आहे. अॅपलनं १३ सप्टेंबर २००० रोजी मॅक ओएस टेनचा पब्लिक बीटा विकायला काढला. विकायला, कारण त्याची किंमत २९.९५ डॉलर होती. अर्धवट वस्तू पैसे देऊन तपासायला घेणारे मॅकवालेच. त्यात डावीकडचा जुना अॅपल मेनू नव्हता. मेनूच्या पट्टीच्या मधोमध अॅपलचं चिन्ह होतं आणि त्यावर क्लिक केलं तर काहीही होत नसे. लोक पहिल्या दिवसापासून त्यावर तुटून पडले, आणि त्या तक्रारीत दोन्ही प्रकार होते : मेनू हलवला हे होतंच, शिवाय दिसणाऱ्या चिन्हानं काही करू नये याचा वैताग होता. २४ मार्च २००१ ला पक्की आवृत्ती आली तेव्हा चिन्ह डावीकडे परतलं होतं आणि त्याखाली यंत्र झोपवण्याची, बंद करण्याची आज्ञा असलेला मेनू होता. सहा महिने लागले. अॅपलचा पसारा तेव्हा लहान होता, एवढ्यानं हा फरक उलगडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या हातातही पहिल्या प्रीव्ह्यूपासून पक्क्या आवृत्तीपर्यंत तेरा महिने होते.

विंडोज ११ चा पहिला प्रीव्ह्यू २८ जून २०२१ रोजी आला तेव्हा दोन्ही प्रकारच्या तक्रारी पुन्हा एकत्र आल्या, आणि त्या वेगळ्या काढून पाहिल्या तर वर केलेला भेद पारखता येतो. स्टार्टचं बटण मध्यभागी नेलं यावर सर्वांत जास्त आरडाओरड झाली. ती ‘वस्तू हलवली’ प्रकारची होती; बटण दिसत होतं, सेटिंगमधून डावीकडेही नेता येत होतं, आणि ती तक्रार वर्षभरात बरीचशी निवली. त्या मानानं कमी गाजलेल्या दोन गोष्टी होत्या : फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रामवर सोडता येत नव्हती, आणि उघड्या खिडक्यांची नावं टास्कबारवर वेगवेगळी दिसत नव्हती. एकाच वेळी सात-आठ पत्रं आणि चार तक्ते उघडे ठेवून बसणाऱ्या लिपिकाला नावं दिसली नाहीत तर हवी ती खिडकी मिळेपर्यंत प्रत्येक चित्रावर बाण नेऊन पाहावं लागतं, आणि कितीही सवय झाली तरी ते पाहणं चुकत नाही. या तक्रारी निवल्या नाहीत. ओढून सोडण्याची सोय २०२२ च्या मोठ्या अपडेटमध्ये परत आली, नावं २०२३ मध्ये. तोवर बऱ्याच जणांनी टास्कबार जुन्यासारखा करून देणारं बाहेरचं सॉफ्टवेअर बसवून घेतलं होतं, आणि विंडोजचं प्रत्येक अपडेट आलं की त्यानं ते मोडलं का हे सकाळी आधी जाऊन पाहण्याचं काम आमच्यासारख्यांच्या वाट्याला आलं.